शनिवारवाड्याजवळचा जुना वाडा: पाडून बांधता येत नाही, मग वापरायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शनिवार पेठेत तुमचा सव्वाशे वर्षांचा, दुमजली, एका चौकाचा वाडा आहे. तो शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत येतो, म्हणून पाडून इमारत उभी करता येत नाही. हिस्सेदार तीन चुलतभावंडं, आणि मागच्या दोन खोल्यांत एक जुने भाडेकरू. एका भावाला माडीवर स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका काढायची आहे. तुमच्या मुलीला खाली चौकात कॅफे करायचा आहे. तिसरे म्हणतात, कशाला हात लावू नका, कायदा बदलेल तेव्हा बघू. त्यातच एका इंजिनिअरने वाडा धोकादायक असल्याचं लिहून दिलंय. असा वाडा वापरात आणता येतो का, आणि आणायचा तर कशासाठी?

सुरुवात तिसऱ्या भावापासून करतो, कारण सगळ्यात मोठा धोका त्यांच्या सल्ल्यात आहे.

शनिवारवाडा हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. २०१० साली स्मारकांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यानुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित. हे अंतर स्मारकाच्या भिंतीपासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून मोजतात, म्हणून नकाशावर नीट तपासून घ्या. बहुतेक वाडेमालकांना कायद्याचा इथवरचाच भाग ठाऊक असतो. त्याच कायद्यात पुढे असंही आहे की १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या इमारतीच्या मालकाला दुरुस्तीसाठी आणि नूतनीकरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. तो अर्ज पुढे राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो. मात्र दुरुस्तीच्या व्याख्येत पुनर्बांधणी बसत नाही. म्हणजे वाडा उभा आहे तोवर तो तुम्ही दुरुस्त करू शकता. एखाद्या पावसात तो बसला, तर आजच्या कायद्याप्रमाणे तुमच्या हाती फक्त मोकळी जागा उरते, जिच्यावर काही बांधता येत नाही. थांबणं तुम्हाला परवडणार नाही ते यामुळे. तुमच्या भावांना हे कागदावर दाखवा. मी अशा बैठकांना बसलो आहे, आणि हा एक मुद्दा कळला की घरातली चर्चा बदलते.

आता वापराकडे. जुन्या वास्तूचा उपयोग बदलणं ही काही आजची टूम नाही. तुमच्या घरापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर विश्रामबागवाडा आहे. दुसऱ्या बाजीरावाने तो राहण्यासाठी बांधला. पेशवाई गेल्यावर तीनच वर्षांत, १८२१ मध्ये, तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, आणि पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेज उभं राहिलं. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, तो पुन्हा बांधला गेला. नंतर तिथे नगरपालिकेचं कामकाज चाललं, टपाल कार्यालय आलं. दोनशे वर्षांत हा वाडा टिकला तो कुणी ना कुणी त्याला रोज वापरत होतं म्हणून. रोज माणूस वावरतो तिथे गळकं कौल दुसऱ्या दिवशी कळतं. बंद वाड्यात ते तिसऱ्या वर्षी कळतं, तेव्हा तुळई गेलेली असते. भिडेवाड्याचं काय झालं ते पुण्याने पाहिलंच. १८४८ मध्ये मुलींची शाळा जिथे भरली ती वास्तू कोर्टकज्ज्यात अडकून खंगत गेली आणि २०२३ च्या डिसेंबरात पाडावी लागली. ती वेळेत सावरायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

माझं सांगणं एकच आहे. वापर आधी ठरवून वाडा त्यात कोंबू नका. वाडा आधी नीट मोजा, तपासा, आणि मग तो काय पेलू शकतो ते बघून वापर ठरवा. तुमच्या घरात आज हे उलट चाललंय.

इंजिनिअरच्या अहवालाबद्दल. तो खोटा आहे असं मी न पाहता म्हणणार नाही. पण पुण्यातल्या बहुतेक स्ट्रक्चरल ऑडिटची पद्धत आरसीसीसाठी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटसाठी, तयार झालेली आहे. काँक्रीटची ताकद जोखायची हातोडी सागवानाबद्दल आणि मातीच्या भिंतीबद्दल काही सांगत नाही. तुमचा वाडा म्हणजे दगडी जोतं, त्यावर तळखडे (खांबाखालचे दगड), तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या (आडवी बारीक लाकडं) आणि पाट (फळ्या), आणि त्यावर मातीचा थर. बहुतेक ठिकाणी भार खांब पेलतात, मधली भिंत नुसती भरणीची असते. म्हणून भिंतीला भेग दिसली तरी सांगाडा ठणठणीत असू शकतो. आणि याच्या उलटही होतं, रंगरंगोटी सुरेख आणि आत तुळईचं टोक भुसा झालेलं.

हे टोकच पाहायचं असतं. तुळईचा मधला भाग सहसा जात नाही, भिंतीत शिरलेली दीड-दोन वीत जाते, कारण ओल तिथे धरते आणि वारा लागत नाही. मी पाहणीला जातो तेव्हा जवळ मोठी बॅटरी, एक दाभण आणि लाकडी हातोडी असते. हातोडीने तुळईवर मधून टोकाकडे ठोकत जायचं. मध्यात आवाज खणखणीत येतो, भिंतीजवळ येता येता तो बद्द झाला की थांबायचं आणि तिथे दाभण दाबायचं. चांगल्या सागवानात ते पाव इंचही शिरत नाही. कुजलेल्या जागी ते मुठीपर्यंत जातं, आणि बाहेर काढताना टोकाला ओलसर, कॉफीच्या रंगाची पूड येते. वरच्या मजल्यावर कोपऱ्यातला एखादा पाट उचलून कड्यांची डोकीही बघायची. खांबाचा पाय तळखड्यावर जिथे टेकतो तिथे वाळवीची मातीची नळी आहे का तेही बघायचं. एका चौकाच्या वाड्याला हे काम दोन दिवसांचं आहे. प्रत्येक खांबाला, तुळईला नंबर द्या, फोटो काढा, नकाशावर लिहा. लाकडी बांधकाम हाताळलेल्या इंजिनिअरकडून याच नोंदींवर दुसरा अहवाल घ्या. मात्र तुळईचं टोक निसटायला आलंय किंवा भिंतीला बाहेर पोट आलंय असं दिसलं, तर त्याच दिवशी टेकू द्या आणि खालची माणसं हलवा. तिथे वारशाचा विचार नंतर.

कुजलेलं टोक म्हणजे अख्खी तुळई बदलणं नव्हे. सडका भाग कापून, जुन्याच सागवानाचा तुकडा तिरक्या खाचेत बसवून, दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या आणि बोल्ट लावून ती पुन्हा भार घेते. पाडलेल्या वाड्यांचं सागवान जुन्या बाजारात मिळतं आणि नव्या लाकडापेक्षा ते केव्हाही चांगलं, कारण त्याचं वाळणं, पिळणं कधीच होऊन गेलेलं असतं.

आता अभ्यासिका. पेठेत तिला गिऱ्हाईक आहे हे खरं, मुलं राज्यभरातून येतात, खुर्ची रिकामी राहत नाही. पण जरा हिशोब करा. राहत्या घराच्या मजल्यावर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. लोक गर्दीने जमतील अशा, खुर्च्या पक्क्या न केलेल्या जागेला ५०० किलो धरावा लागतो. पुस्तकांच्या मांडण्या ठेवायच्या तर ६०० आणि वर. तुमची माडीवरची खोली दहा बाय वीस फुटांची असेल, तर राहण्यासाठी ती पावणेचार टनांच्या हिशोबाने तपासायची, जमावासाठी सव्वानऊ टनांच्या. कड्या त्याच, तुळया त्याच. नुसती टेबल-खुर्ची मांडून बसलेली मुलं सव्वानऊ टन भरणार नाहीत, पण परीक्षेच्या आधीची गर्दी आणि भिंतीला लावलेली पुस्तकांची कपाटं धरून आपण सुरक्षित आकडा घ्यायचा असतो.

हे मी स्वतः चूक करून शिकलोय. नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू केलं त्या वर्षांत एका तालुक्याच्या गावी वाड्याचं वाचनालय केलं. माडीवर खोलीच्या मधोमध, सात फुटी लोखंडी मांडण्या दोन रांगांत ठेवू दिल्या, कारण भिंतीवरचे कोनाडे आणि जुनी चित्रं झाकायची नव्हती. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरचं दार लागेना. सुताराने दार दोनदा रंधलं. मग मला बोलावलं. दोरी ताणून पाहिलं तर वरची तुळई मध्यात अडीच इंच खाली आली होती. त्याच दुपारी पुस्तकं खाली उतरवली, तुळईखाली टेकू दिले, पुढे मांडण्या तळमजल्यावर हलवल्या. कुणाला इजा झाली नाही. पण आकडेमोड करण्याऐवजी मी डोळ्यांवर विश्वास ठेवला होता, आणि ती गोष्ट तेव्हापासून मी प्रत्येक मालकाला सांगतो.

यात तुमच्या बाजूची एक गोष्ट आहे. बहुतेक वाड्यांच्या माडीवर मूळ मातीच्या थरावर नंतरच्या पिढ्यांनी कोबा घातलेला असतो, त्यावर शहाबादी, त्यावर मोझॅक. दोन इंचांचा कोबा म्हणजे चौरस मीटरला सुमारे १२० किलो. तुळया पिढ्यान्‌पिढ्या हे फुकटचं ओझं वाहत असतात. हे थर हलक्या हाताने, ब्रेकर न लावता, काढून टाकले की मजल्याची बरीच ताकद मोकळी होते. मग वर नुसत्या लाकडी फळ्या किंवा पातळ हलका थर पुरतो. माझ्या बहुतेक कामांत मजबुतीची सुरुवात काही नवं घालण्याने झाली नाही, जुनं ओझं उतरवण्याने झाली.

तरीही माडीवर अभ्यासिका नको, असंच मी सांगेन. भार हे एक कारण झालं. दुसरं कारण जिना. वाड्याचा जिना भिंतीच्या जाडीत दडवलेला असतो, अडीच फूट रुंद, पायरी उंच, वर कधी झाकण. घरच्या आठ माणसांसाठी तो केलेला आहे. रात्री अकराला माडीवर पन्नास मुलं आणि खाली शॉर्टसर्किट, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. आठ-दहा इंची सागवानी खांब भडकन जळत नाही, त्याच्यावर कोळशाचा थर धरतो आणि आतलं लाकूड बराच वेळ भार घेतं. पेटतं ते छताचं पातळ पाट, जुनी कापडी वेष्टणाची वायर, पडदे. आणि माणसं धुराने जातात, ज्वाळेने नंतर. म्हणून माडीवर घरच्याइतकीच माणसं असतील असा वापर ठेवा. चार्टर्ड अकाउंटंट किंवा वकील यांची छोटी कार्यालयं, फायली मोजक्या असतील तर. किंवा पाहुण्यांसाठी चार-पाच खोल्या, दिवाणखाना सामायिक. पुण्यात पेठेत राहायला मिळावं म्हणून येणारे लोक आहेत, आणि शनिवारवाडा तुमच्या दारात आहे. अभ्यासिका करायचीच तर तळमजल्यावर, ओसरी आणि तिच्या मागच्या खोलीत, तीसच्या आत खुर्च्यांची. तिथला भार थेट जमिनीवर जातो आणि माणूस दोन पावलांत चौकात येतो.

माडीसाठी दुसरा जिना मात्र हवाच, वापर कुठलाही असो. तो मागच्या बोळाच्या बाजूला, लोखंडी, स्वतःच्या पायावर उभा, वाड्याला नुसता टेकलेला करा. उद्या नको झाला तर बोल्ट सोडून काढता आला पाहिजे. पण शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आहे, म्हणून हा जिना चालेल का ते सक्षम प्राधिकाऱ्याला आधी लेखी विचारा. आपण घातलेलं जितकं नवं, तितकं काढता येण्याजोगं, हा या कामातला माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा नियम. मुंबईतल्या कावसजी जहांगीर हॉलचं उदाहरण घ्या. १९११ चं सभागृह, १९९६ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. बाहेरचं दगडी रूप राखलं, आत अनेक पातळ्यांची दालनं नव्याने रचली. वास्तू वाचली आणि तिला उत्तम वापर मिळाला, पण जुन्या सभागृहाची ती एकसंध जागा आत गेल्यावर दिसत नाही. सार्वजनिक इमारतीत एवढा बदल कदाचित करावा लागत असेल. घरच्या वाड्यात तशी गरज नसते. चौक झाकू नका. त्यावर पॉलिकार्बोनेटचं छप्पर टाकायचा मोह होतो, पण चौकातूनच वाड्याची गरम हवा वर जाते. तो बंद केला की माडी एप्रिलमध्ये भट्टी होते आणि मग एसी, एसीचं पाणी भिंतीत, अशी साखळी सुरू होते.

तुमच्या मुलीचा कॅफे मला आवडला, एका अटीवर. बसणं चौकात आणि ओसरीवर, स्वयंपाकघर मागे. तुम्ही लिहिलंय की मागे साठच्या दशकात विटांच्या दोन खोल्या वाढवल्या आहेत. मोरी, संडास, गॅस, धुणीभांडी, सगळं पाणी आणि सगळी आग त्या भागात न्या. तो भाग मूळ वाड्याचा नाही, तिथे नळ फोडले, फरशा बदलल्या तरी काही बिघडत नाही. लाकडी मजल्यावर संडास कधीही करू नका. वॉटरप्रूफिंगवाला कितीही हमी देवो, दहा वर्षांत सांधा झिरपतो, आणि लाकडात झिरपलेलं पाणी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पाहुण्यांच्या खोल्या केल्यात तर त्यांची न्हाणीघरंही मागच्या बाजूलाच, माडीच्या पातळीवर एका छोट्या पुलाने जोडून, आणि जिन्यासारखंच तेही आधी प्राधिकाऱ्याला विचारून.

रस्त्याकडे एकदा लक्ष द्या. पेठांत डांबरावर डांबर चढत गेल्यामुळे पुष्कळ वाड्यांची दारं आज रस्त्यापेक्षा खाली आहेत. पूर्वी दोन पायऱ्या चढून आत यायचं, आता एक उतरून. पावसाचं पाणी देवडीतून आत येतं, चौकातून बाहेर जायची मोरी तुंबलेली असते, आणि जोत्यात मुरलेली ओल भिंतीतून चढत जाते. मग खालचा तीन फूट गिलावा फुगतो, त्यावर पांढरी खार येते. लोक तो खरवडून सिमेंटचा गिलावा करतात. सिमेंट ओल बाहेर येऊ देत नाही, म्हणून ती आणखी वर चढते आणि पुढच्या वर्षी पाच फुटांवर फुगवटा येतो, शेवटी तुळईच्या टोकापर्यंत पोचते. तुमच्या फोटोत देवडीच्या डाव्या भिंतीला नेमकं हेच दिसतंय. ते सिमेंट काढा, भिंत एक उन्हाळा उघडी वाळू द्या, मोरी मोकळी करा, दाराशी जाळीचा चर घ्या. मग चुन्याचा गिलावा. कळीचा चुना पाण्यात विरवून निदान काही आठवडे मुरू दिलेला, वाळू आणि विटांच्या भुकटीबरोबर चुन्याच्या घाणीत, म्हणजे चुना दळायच्या दगडी चाकाखाली, मळलेला. हे काम जाणणारे गवंडी अजून आहेत, त्यांना शोधायला वेळ लागतो आणि गिलावा सुकायलाही वेळ लागतो. त्यांना घाई करायला लावू नका.

कागदपत्रांचं आटोपशीर सांगतो. मिळकतपत्रिकेवर तिघांची नावं लागली आहेत का बघा. तिघांत नोंदणीकृत करार करा, कुणी किती पैसे घालणार, उत्पन्न कसं वाटणार, कुणाला बाहेर पडायचं झालं तर काय. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर वारसा समितीची परवानगी वेगळी लागेल. वापर बदलल्याची परवानगी, व्यावसायिक दराने मिळकतकर, वेगळा वीजमीटर, अग्निशमनचा दाखला, हे सगळं खर्चात आधीच धरा. धोकादायक इमारतीची नोटीस महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली येते. आली तर गप्प बसू नका, दुरुस्तीचा आराखडा आणि दुसरा अहवाल जोडून लेखी उत्तर द्या.

भाडेकरूंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण त्यांच्याशी पहिल्याच महिन्यात बोला. ते गृहस्थ तिथे तुमच्या वडिलांच्या काळापासून राहतात. कोणतं कौल कधी गळतं, कुठल्या भिंतीतून पाणी येतं, हे तुम्हा तिघांपेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. त्यांना तळमजल्यावर एक कोरडी, चांगली खोली आणि वेगळं न्हाणीघर मिळेल अशी सोय आराखड्यात पहिल्यापासून धरा. कायदा त्यांच्या बाजूने आहे म्हणून नव्हे फक्त. रात्री वाड्यात माणूस असणं हे वाड्याच्या हिताचं आहे.

सगळे पैसे एकदम उभे करायची गरज नाही. पहिल्या वर्षी छप्पर, पन्हळी, मोरी, टेकू आणि नवी वीजजोडणी, एवढंच. दुसऱ्या वर्षी तुळया आणि तळमजला, आणि तिथे कॅफे सुरू. त्याच्या उत्पन्नावर माडी तिसऱ्या-चौथ्या वर्षी. रंग, झुंबरं, जुन्या पद्धतीचे दिवे यांच्यावर पहिली दोन वर्षं रुपयाही घालू नका.

आत्ता एप्रिल चाललाय. मेमध्ये कौलं परतून घ्या, फुटकी बदला, वळचणीच्या रिपा तपासा. कौलं परतणं ही नेहमीची देखभाल आहे, तरी तुम्ही शंभर मीटरच्या आत आहात म्हणून आधी प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी कळवून पोच घ्या. आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तिघंही भावंडं वाड्यात थांबा. बॅटरी घेऊन माडीवर, मग माळ्यावर जा, कुठे थेंब पडतो तिथे खडूने खूण करा आणि त्या खाली कुठली तुळई येते ते वहीत लिहा. ती वही आणि नंबर घातलेला नकाशा पाठवा, मग पुढचं बोलू.